बटाटे सोलणारा हेर

“अहो, पुढचं कुठेय?”

टीव्हीवर टेबलावर ठेवलेली एक टोपी दिसत होती, टोपीवरून नावं वर सरकत होती आणि थिएटरच्या जुन्या डोअरकीपरांची बायको रिमोटकडे बोट दाखवून विचारत होती. रविवारची दुपार होती. मुलगा आणि सून जेवायला आले होते, आणि आईला बरं वाटावं म्हणून मुलाने तिचा आवडता जुना पिक्चर कुठूनतरी शोधून लावला होता.

“पुढचं काही नाही, आई. संपला.”

“असा कसा संपेल? तो अजून वरच आहे.”

“वरच राहतो तो. शेवटच तसा आहे.”

“काहीतरीच बोलू नकोस. परत येतो. घरी येतो, पायरीवर बसतो आणि बटाटे सोलतो. मी तीनदा बघितलाय.”

“बटाटे तो जायच्या आधी सोलतो. मघाशी नाही का बघितलं आपण?”

“ते आधी नसतं. ते नंतर असतं.”

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं. मग मुलाने खिशातून मोबाइल काढला आणि अंगठ्याने काहीतरी लिहिलं. तो काय लिहितोय हे डोअरकीपरांना बसल्या जागेवरून कळलं.

मुलगा एका कारखान्यात मालाच्या तपासणीला होता. दिवसभर खोट शोधायची आणि तिची नोंद करायची हे त्याचं पगारी काम. सुट्टीच्या दिवशी ते तो हौसेने करायचा. आईच्या विसरण्याची यादी त्याने तीन महिन्यांपूर्वी सुरू केली होती. एक, गॅस चालू ठेवून शेजारी गेली. दोन, सुनेला दिवसभर स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तीन, किल्ल्या फ्रिजमध्ये. चार, औषधाच्या दुकानातून घरी यायला दीड तास, अंतर चार मिनिटांचं. पाच नोंदी झाल्या की हे घर बंद करायचं आणि दोघांनी मुलाकडे राहायला जायचं असं ठरलं होतं. ठरवताना डोअरकीपरांनीही मान डोलावली होती, कारण तेव्हा यादीत एकच ओळ होती आणि पाच हा आकडा त्यांना लांबचा वाटला होता. त्यांच्या स्वतःच्या हिशेबात मात्र आज सात ओळी होत्या. मुलाला माहीत नसलेल्या त्या जास्तीच्या ओळी त्यांनी जाहीर केल्या नव्हत्या.

“पाचवं लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“बाबा, मला काय हौस आहे का?”

“खोड ते.”

“तुम्हीच बघितलंत ना आत्ता? सगळ्या जगाला माहीत असलेला पिक्चरचा शेवट...”

“तिचं बरोबर आहे. आपल्या थिएटरात तो परत आला होता.”

मुलगा हसला नाही, पण हसल्यासारखं बोलला. “गॅसच्या वेळीही तुम्ही म्हणाला होतात की बटण तुम्हीच चालू ठेवलं होतं. तेव्हा तुम्ही दाढी करायला सलूनमध्ये होतात.”

माणसाने एकदा खोटी साक्ष दिली की त्याची खरी साक्षही पडून राहते. डोअरकीपरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जे कोणाला न सांगण्याचं वचन त्यांनी एकेचाळीस वर्षं पाळलं होतं, ते मोडायला सुरुवात केली.

थिएटरच्या दारात ते चौतीस वर्षं उभे होते. आत सोडताना तिकीट फाडायचं हे नेमून दिलेलं काम. बाहेर पडताना लोकांचे चेहरे मोजायचे हे काम मालकांनी वरून लावलेलं. मालकांचा वर्तमानपत्रातल्या परीक्षणावर काडीचा विश्वास नव्हता. “लिहिणारा फुकट बघतो. जो तिकीट काढून बघतो त्याचं तोंड बघा,” असं ते म्हणत. तेव्हा डोअरकीपरांनी वहीत चार रकाने आखले होते: हसत, बोलत, गप्प आणि डोळे पुसत. खेळ सुटला की पहिल्या शंभर माणसांची नोंद. ‘बोलत’ हा सगळ्यांत चांगला रकाना, कारण बोलणारा माणूस उद्या आणखी तिघांना पाठवतो. डोळे पुसणाऱ्या बायका चालत. त्या पुन्हा येतात आणि बहिणीला घेऊन येतात. धोका फक्त ‘गप्प’चा. ‘गप्प’ पन्नासच्या वर गेला की मालक पुढच्या शुक्रवारी पिक्चर बदलून टाकत.

लोकांची मतं ऐकायची तर दारासारखी जागा नाही. हा पिक्चर हेराचा होता, आणि निम्म्याहून अधिक अंतराळात घडत होता; म्हणून सगळे त्याला ‘वरचा पिक्चर’ म्हणत. माणूस बघायला जातो तेव्हा आपला धंदा घरी ठेवून जात नाही हे डोअरकीपरांना त्या पिक्चरने शिकवलं. शिंपी बाहेर येऊन म्हणाला, “रॉकेटमध्ये बाही फाटली ती मी डोळ्यांनी बघितली. घरी बटाटे सोलताना बाही धडधाकट. बायकोने रफू केलं म्हणावं, तर टाका दिसला पाहिजे.” न्हावी म्हणाला, “तिथे वजनच नसतं म्हणता, मग केस खाली कसे बसतात?” दवाखान्यातल्या नर्सबाईंना गोळी डाव्या खांद्याला लागून पट्टी उजव्या खांद्याला बांधलेली खटकली होती. शाळेतले विज्ञानाचे सर तर मध्यंतरातच आले आणि म्हणाले, “हवा नाही तिथे स्फोटाचा आवाज होतोय. मी पैसे परत मागत नाही. फक्त निषेध नोंदवा.” डोअरकीपरांनी निषेध नोंदवला. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा आले होते.

“हे सगळं तुम्ही पूर्वीही सांगितलंय,” मुलगा म्हणाला.

“पूर्वी सांगितलं नाही ते ऐक. तेव्हा पिक्चर पत्र्याच्या डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ. हा चौदा रिळांचा होता. आणि आकडा कुठे लिहिलेला असायचा? झाकणावर. डब्यावर नाही.”

सून मान पुढे करून ऐकू लागली. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती, ते तिने बाजूला ठेवलं.

“शुक्रवारी दुपारी पहिला खेळ. ऑपरेटरनी सकाळी रिळं तपासून घेतली. बारा आणि तेरा एकाच वेळी उघडी होती. परत ठेवताना बाराचं झाकण तेरावर बसलं आणि तेराचं बारावर. अकराव्या रिळात साहेब म्हणतो, तुला वर जावं लागेल. त्यानंतर काय यायला पाहिजे?”

“घरचा सीन. निरोपाचा,” सून म्हणाली.

“ते बारावं. तो घरी येतो, बायकोशेजारी पायरीवर बसून बटाटे सोलतो, म्हणतो उद्या निघायचंय. तेराव्यात वर जातो, सोबत्याला सोडवून खाली पाठवतो आणि आपण तिथेच राहतो. चौदाव्यात साहेब त्याची टोपी टेबलावर ठेवतो आणि दिवा बंद करतो. आता आमच्याकडे दुपारी काय दिसलं ते धर. साहेब म्हणाला वर जा, लगेच तो वर. तिथे अडकला, रेडिओ बंद पडला, लोकांचा श्वास अडकला. आणि पुढच्या रिळात घरी, पायरीवर, बटाटे सोलत. थिएटर उठून उभं राहिलं. मग टोपी. लोकांना वाटलं, नोकरी सोडली, टोपी परत केली.”

“पण तो म्हणतो ना, उद्या निघायचंय?”

“लोक म्हणाले, म्हणजे दुसरा भाग येणार. आठ वर्षं विचारत होते कधी येणार म्हणून.”

सून हसली. मुलगा हसला नाही. खोट नेमकी कुठे आहे ते शोधत होता.

“आणि कोणाला कळलं नाही?”

“ऑपरेटरना कळलं. पण रीळ सुरू झाल्यावर कळून उपयोग काय? ते घामाघूम झाले होते. संध्याकाळी सहाच्या खेळाला झाकणं बदलून त्यांनी पिक्चर बरोबर दाखवला. आणि लोक बाहेर आले ते असे, बारशाला येऊन मयत बघितल्यासारखे. शंभरात सत्तर गप्प.”

इथे डोअरकीपर थांबले. पुढचं सांगायचं होतं ते बायकोसमोर सांगायचं होतं, आणि ती खुर्चीत बसून त्यांच्याकडे अगदी सरळ बघत होती.

लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. ती सगळं करायची, विचारलं त्याला उत्तर द्यायची, पण घरात ती हसल्याची त्यांच्याकडे एकही नोंद नव्हती. माहेरचे लोक बोटीने दूर देशी कामाला गेले होते; तिच्या भावाचं पत्र येणं बंद झालं होतं. त्या शुक्रवारी दुपारच्या खेळाचा घरच्यांसाठीचा पास देऊन त्यांनी तिला शेजारच्या वहिनींबरोबर पाठवलं. खेळ सुटला तेव्हा ते नेहमीसारखे वही घेऊन दारात उभे होते. शंभरात ती एकसष्टावी की बासष्टावी. ती बाहेर आली, सगळ्यांदेखत त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाली, “आला की नाही परत? बटाटे किती जाड सोलत होता, बघितलंत? रॉकेट चालवता येतं आणि साल काढता येत नाही.” आणि हसली. तिचा एक दात किंचित पुढे आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग म्हणाली, “मला उद्या परत बघायचाय.”

“म्हणून सहाचा खेळ सुटल्यावर मी वर केबिनमध्ये गेलो,” डोअरकीपर म्हणाले. “ऑपरेटरना म्हटलं, दुपारचाच लावा. ते म्हणाले, दुपारचा चुकीचा होता. मी म्हटलं, असेल चुकीचा, पण लोक बरोबर बाहेर येत होते. ते म्हणाले, बावीस वर्षांत एक रीळ उलटंसुलटं गेलं नाही माझ्या हातून, आणि तुम्ही मला मुद्दाम लावायला सांगता? मी वही दाखवली. त्यांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, कोणाला सांगायचं नाही. जन्मात नाही. मी कबूल केलं. अकरा आठवडे चालला.”

“आणि सहाच्या खेळाचे लोक?” सुनेने विचारलं.

“ते चारशे लोक वेडे ठरले. सांगत फिरायचे की तो परत येत नाही, आणि गाव त्यांना हसायचं. निम्मे खात्री करायला पुन्हा आले. बघून डोकं खाजवत गेले.”

मुलाने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. “गोष्ट चांगली आहे, बाबा. खरंच. पण ऑपरेटरकाका जाऊन नऊ वर्षं झाली, मालक त्याआधी गेले, थिएटरच्या जागी फर्निचरचं दुकान आहे आणि वह्या तुम्ही रद्दीत घातल्यात. कारखान्यात अशी गोष्ट कोणी सांगितली तर मी माल परत पाठवतो.”

“हा माल नाही,” डोअरकीपर म्हणाले.

मग सुनेने आपला मोबाइल उचलला. ती मघापासून पिक्चरखाली लोकांनी लिहिलेली मतं वाचत होती. अकराशेच्या वर होती. बहुतेकांनी शेवटाला पैकीच्या पैकी दिले होते. न परतणारा हेर दाखवायला हिंमत लागते, असं पुष्कळांनी लिहिलं होतं. एकाला सुरुवात संथ वाटली होती, एकाला अंतराळ पुठ्ठ्याचं. डोअरकीपरांना ही मतं मिळमिळीत वाटली. ज्याचं तोंड दिसत नाही त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

“थांबा,” सून म्हणाली. “मगाशी एक दिसलं होतं. मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. हे ऐका. ‘लहानपणी आमच्या थिएटरात बघितला तेव्हा तो परत आला होता. अंतराळातून थेट घरी, आणि बायकोशेजारी बसून बटाटे सोलत होता. इथे तो भाग कोणी कापला?’ याच्याखाली नऊ जणांनी उत्तर दिलंय. ‘झोपेत बघितला असेल.’ ‘डोक्याच्या डॉक्टरला दाखवा.’ ‘बटाटे नव्हे, कांदे.’ आणि हे शेवटचं...” ती थांबली. “‘मलाही अगदी तसंच आठवतं. पण घरात कोणी विश्वास ठेवत नाही. मुलं म्हणतात, वय झालं.’”

“परत वाच,” डोअरकीपर म्हणाले.

“पहिलं?”

“शेवटचं.”

तिने परत वाचलं. ते ऐकताना डोअरकीपरांनी मान खाली घातली. अकरा आठवडे, रोज तीन खेळ, दर खेळाला चारशे नाही तर तीनशे धरा. इतक्या माणसांना त्यांनी त्या दारातून हसत बाहेर सोडलं होतं. ती माणसं पुढे कुठेकुठे गेली, कोणाशी पैजा हरली, कोणत्या जेवणाच्या टेबलावर खोटी पडली, हे मोजायला कुठलीच वही नव्हती.

मुलगा उठला. त्याने टीव्ही पुन्हा सुरू केला, आणि अकराव्या रिळातल्या साहेबाशी आणून ठेवला. साहेब म्हणाला, तुला वर जावं लागेल. मुलाने घरचा भाग ओलांडून रॉकेट लावलं. फाटलेली बाही, बंद पडलेला रेडिओ, काचेआड लहान होत गेलेला चेहरा. तिथे थांबवून त्याने मागे जाऊन पायरी लावली, बटाटे लावले. बाही धडधाकट. शेवटी टोपी.

“जुळतंय,” तो म्हणाला. तपासणीचा माणूस होता. जुळलं तर जुळलं म्हणायचा, हा त्याचा मोठा गुण होता. त्याने मोबाइल घेतला आणि ओळ खोडली. आईला दाखवली. “चार राहिल्या. चार म्हणजे चार. आज सामान नाही बांधायचं. पण बुधवारी डॉक्टर ठरलेत ते ठरलेत.”

आईचं यादीकडे लक्ष नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत होती.

“म्हणजे तो खरा परत आलाच नाही.”

“नाही,” डोअरकीपर म्हणाले. ही किंमत द्यावी लागणार हे सांगायला सुरुवात केली तेव्हाच त्यांना माहीत होतं.

“एकेचाळीस वर्षं मला फसवलंत.”

“हो.”

“कशाला?”

“तुला दुसऱ्या दिवशी परत बघायचा होता.”

तिने थोडा वेळ टीव्हीवरच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे त्या बाईने जायच्या आधीच बटाटे सोलून घेतले त्याच्याकडून. हुशार बाई.” आणि दात दिसेल इतकीच हसली. सून खळखळून हसली, मुलगाही. डोअरकीपरांना मात्र हे ‘हसत’मध्ये घालावं की ‘डोळे पुसत’मध्ये, ते नक्की ठरवता येईना.

सुनेने विचारलं, त्या दोघांना काय उत्तर लिहू? डोअरकीपरांनी सांगितलं ते तिने एक अक्षर न बदलता लिहिलं: “तुम्ही दोघांनी बरोबर पाहिलं आहे. चूक आमची होती. मी तेव्हा दारात होतो.”

साडेपाचला मुलगा आणि सून निघाली. आईने दारापर्यंत जाऊन मुलाच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, सुनेच्या हातात लोणच्याची बरणी दिली, पोचल्यावर फोन करायला सांगितलं आणि गाडी वळेपर्यंत हात हलवला. डोअरकीपर तिच्या मागे उभे राहून हे सगळं बघत होते. त्यात खोट काढायला एक जागा नव्हती. यादी लिहिणाऱ्याने हे असलंही लिहायला पाहिजे, त्यांना वाटलं. ते आत येऊन टीव्हीची वायर काढू लागले, खुर्च्या जागेवर लावू लागले. ती स्वयंपाकघरात गेली.

वीसेक मिनिटांनी ती चहा घेऊन आली. ट्रेमध्ये चार कप होते. एक बिनसाखरेचा, मुलाचा, तो तिने आठवणीने वेगळ्या बशीत ठेवला होता.

तिने खोलीभर पाहिलं. लावलेल्या खुर्च्या पाहिल्या.

“कुठेयत ही दोघं?”

डोअरकीपरांच्या हातात वायरचं वेटोळं होतं. ते त्यांनी नीट गुंडाळून कपाटावर ठेवलं.

“गेले,” ते म्हणाले.

“गेले? मला न सांगता?”

“घाईत होते. माझ्याजवळ सांगून गेले.”

“मला एक हाक मारायची.” ती खुर्चीत बसली. ट्रे तिच्या मांडीवरच होता. “असा नव्हता हो तो. कधीच नाही. तुम्ही त्याला बोललात का काही?”

“बोललो थोडं. रागावून गेला असेल.”

“उगीच बोलता तुम्ही पोराला. उद्या फोन करा आणि आपणहून बोला.”

“करतो.”

त्यांनी तिच्या मांडीवरून ट्रे घेतला, तिचा कप तिच्या हातात दिला आणि आपला घेतला. दोघं बाहेरच्या रस्त्याकडे बघत चहा प्यायले. आपला संपल्यावर डोअरकीपरांनी सुनेचा कप उचलला. तो संपल्यावर मुलाचा. तो पार निवला होता, आणि त्यात साखर नव्हती, पण त्यांनी तो घोट घोट करून पूर्ण संपवला, आणि चारही रिकामे कप ट्रेमध्ये एकात एक घालून ठेवले, म्हणजे किती होते ते दिसू नये.